कित्ता होताना: नव्या विश्वासणाऱ्याला सोबत घेऊन चालणाऱ्यांसाठी

लहान मूल अक्षरे शिकते तेव्हा वरच्या ओळीत कोणीतरी वळणदार अक्षर काढून दिलेले असते आणि खालच्या ओळीत मूल ते गिरवत बसते. पेत्राने पहिल्या पत्रात (२:२१) ख्रिस्ताने सोसलेल्या दुःखाबद्दल लिहिताना हाच शब्द वापरला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘हुपोग्राम्मोस’, म्हणजे मुलांनी गिरवावे म्हणून काढून दिलेले अक्षर. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तिथे ‘कित्ता’ आहे, आणि मला वाटते याहून नेमका शब्द सापडला नसता.

मंडळीत पाळकांनी तुम्हाला सांगितले असेल, ‘याचा नुकताच बाप्तिस्मा झालाय, याला जरा सोबत घ्या.’ तुम्ही ‘हो’ म्हणालात, आणि घरी आल्यावर पोटात गोळा आला, की मी याला काय शिकवणार? हा लेख तुमच्यासाठी आहे. बरीच वर्षे मी हे काम करतो आहे. पुढे लिहिलेले काही दुसऱ्यांना पाहून शिकलो आणि काही चुकून.

कित्ता जवळ असावा लागतो. भिंतीवर उंच टांगलेले सुंदर अक्षर पाहून कोणाचे अक्षर सुधारत नाही.

१. आधी आपली ओळ पाहा

‘मी जसा ख्रिस्ताचे अनुकरण करतो तसे तुम्ही माझे करा,’ असे पौल करिंथकरांना सांगतो (१ करिंथ ११:१). हे वाक्य उच्चारायला आपल्याला संकोच वाटतो, आणि तो वाटावाच. पण फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय काढा. बाराव्या वचनात पौल म्हणतो, मी अजून पूर्ण झालो नाही, धावतो आहे. पाचच वचने पुढे, सतराव्यात, तोच म्हणतो, माझे अनुकरण करा. अपूर्ण माणूसच हे सांगतो आहे. तुम्ही कुठवर पोहोचलात हे तो विचारत नाही, तुमचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे विचारतो.

कोणाला सोबत घेण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. तीमथ्य तरुण होता तेव्हा पौलाने त्याला पाच बाबतींत विश्वास ठेवणाऱ्यांचा कित्ता हो असे सांगितले: भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास, शुद्धता (१ तीमथ्य ४:१२). रोज रात्री या पाचांपैकी एकच घ्या आणि खरे ते लिहा. उपासनेहून घरी जाताना मी कोणाबद्दल काय बोललो? ज्याला वेळ दिली होती त्याला ताटकळत ठेवले का? घरात आज माझ्या आवाजाने कोण दचकले? पैशाची अडचण आली तेव्हा प्रार्थना आधी झाली की सगळीकडे फोन करून झाल्यावर? एकटा असताना मोबाइलवर काय पाहिले?

ही वही कोणाला दाखवायची नाही. पण तिच्यात एखादे पाप पुन्हा पुन्हा दिसले आणि ते कोणालाच ठाऊक नसेल, तर थांबा. मंडळीतल्या विश्वासू वडीलधाऱ्या व्यक्तीला ते सांगा, तिच्यासोबत प्रार्थना करा, आणि मगच पुढे या. हे काम महिनाभर उशिरा सुरू झाले तरी चालते.

आणि तुमच्या वरच्या ओळीत कोण आहे? ज्याला स्वतःला कोणी काही विचारू शकत नाही, त्याने दुसऱ्याला विचारण्याचे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. एकाला विचारा

सुरुवातीला एकच माणूस. फार तर दोन. प्रभूने बारा जण नेमले, पण याईराच्या घरात, रूपांतराच्या डोंगरावर आणि गेथशेमानेत जवळ नेले ते तिघांनाच. शिवाय मार्क ३:१४ मधला क्रम पाहा. बारा जणांना नेमले ते आधी त्याच्याबरोबर असावे म्हणून, उपदेशाला पाठवणे त्यानंतर आले आहे.

पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला सोबत घ्यावे. तीताच्या पत्रातला दुसरा अध्याय वडीलधाऱ्या स्त्रियांना तरुण स्त्रियांसाठी हेच काम देतो. समोरची व्यक्ती अल्पवयीन असेल तर आईवडिलांना आधी सांगा, त्यांची संमती घ्या, आणि चार लोकांच्या नजरेत असेल अशाच जागी भेटा. यात सूट नाही.

विचारायचे कसे? साधेपणाने. ‘पुढचे सहा महिने आपण आठवड्यातून एकदा भेटू या का? सोबत वचन वाचू, प्रार्थना करू. नाही जमलं तर तसं मोकळेपणाने सांग.’ मुदत सांगितली की त्यालाही ओझे वाटत नाही.

काही गोष्टी पहिल्याच भेटीत स्पष्ट करा. आपसात पैशाची देवघेव करायची नाही. त्याने सांगितलेले दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही. पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणावर अत्याचार होत असेल, तर गप्प बसणार नाही, योग्य ठिकाणी सांगीन. आणि लग्न, नोकरी, शिक्षण यांचे निर्णय त्याचे स्वतःचे राहतील. तुम्ही वचन दाखवाल, प्रार्थना कराल, विचारले तर मत द्याल, एवढेच. पौलासारखा प्रेषितही करिंथकरांना लिहितो की आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता गाजवत नाही, तुमच्या आनंदात साहाय्यकारी आहोत (२ करिंथ १:२४). शिष्यत्वाच्या नावाखाली दुसऱ्याच्या आयुष्याची सूत्रे हातात घेणारे मी पाहिले आहेत. त्यांच्या हाताखालची माणसे पुढे विश्वासापासून दूर गेली, तेव्हा ती प्रभूवर रागावली होती, त्या माणसांवर नाही. याचे दुःख आजही होते.

३. भेट ठरवा, पण भेटीवर थांबू नका

आठवड्याला एक तास. वाचायला मार्काचे शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तर चार महिने पुरतात. प्रत्येक अध्यायाला तीनच प्रश्न: इथे येशू कसा दिसतो? यातले मला काय पटत नाही किंवा कळत नाही? या आठवड्यात मी काय करीन? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही आधी द्या, आणि ते ठोस असू द्या. ‘मी जास्त प्रेम करीन’ हे उत्तर नव्हे. ‘भावाशी दोन महिने बोललो नाही, बुधवारी त्याला फोन करीन’ हे उत्तर. पुढच्या आठवड्यात बसताक्षणी सांगा, फोन केला की नाही.

खरे शिक्षण मात्र त्या तासाबाहेर होते. थेस्सलनीकाकरांना पौल म्हणतो, आम्ही तुम्हाला सुवार्ताच नव्हे, तर आपला जीवही द्यायला राजी होतो, आणि लगेच आठवण करून देतो की कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम करत होतो (१ थेस्सलनीका २:८-९). करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, कारण तिघांचा धंदा एकच, तंबू करण्याचा. दिवसभर एका कामावर बसलेल्या माणसांना एकमेकांचा स्वभाव, चिकाटी, चिडचिड सगळे दिसते. पुढे याच जोडप्याने अपुल्लो नावाच्या उपदेशकाची शिकवण अपुरी आहे हे ओळखले, तेव्हा त्याला भर सभेत टोकले नाही. आपल्याकडे नेऊन नीट समजावले (प्रेषितांची कृत्ये १८:२६). ही रीत कोणाचे पाहून आली असेल, याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

म्हणून पंधरा दिवसांतून एकदा काहीतरी सोबत करा. घरच्या प्रार्थनेला बोलवा आणि त्या दिवशी घर मुद्दाम आवरू नका. मुले रडतील, कोणीतरी अध्येमध्ये उठेल, होऊ द्या. उपासनेनंतर खुर्च्या उचलायला सोबत घ्या. आजाऱ्याला भेटायला निघालात तर त्याला विचारा, येतोस का?

१७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या सहकाऱ्यांनी सभागृहाचे कर्ज फेडायला एक युक्ती काढली: साधारण बारा जणांचा एक गट, आणि गटनायकाने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. गटनायक घरोघर जाऊ लागले तेव्हा त्यांना दिसले की कोणी दारूत बुडाला आहे, कोणाच्या घरात भांडण आहे. पैशासाठी सुरू झालेली ही व्यवस्था माणसांच्या आत्मिक काळजीची झाली. दाराच्या आत पाऊल पडल्यावाचून हे कळलेच नसते.

मला ज्यांनी सोबत घेतले ते मंडळीतले एक काका होते. वक्ते अजिबात नव्हते. एकदा त्यांच्या घरी बसलो असताना ते चष्मा शोधायला आत गेले आणि टेबलावर त्यांचे पवित्र शास्त्र उघडे राहिले. स्तोत्र ७७ होते, रात्री हात पसरून हाक मारणाऱ्या आणि सांत्वन न मिळणाऱ्या माणसाचे. समासात पेन्सिलीने तीन तारखा होत्या, तीन वेगवेगळ्या वर्षांतल्या. शेजारी काहीच लिहिले नव्हते. ते परत आले, माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिले आणि म्हणाले, ‘हो, तेव्हा हेच वाचत होतो. दुसरं काही वाचवत नव्हतं.’ अंधारातही वचनाकडे जाता येते, हे मी त्या दिवशी शिकलो.

४. आधी दाखवा, मग हातात द्या

लूकाचे शुभवर्तमान या दृष्टीने सलग वाचा. आठव्या अध्यायात येशू गावोगाव फिरतो आणि बारा जण नुसते बरोबर आहेत. नवव्यात तो त्यांना पाठवतो, ते परत येऊन काय केले ते सांगतात, आणि तो त्यांना एकांती घेऊन जातो. दहाव्यात आणखी शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो. मी करतो तू पाहा, आपण मिळून करू, तू कर मी पाहतो, आता तू कर. या चार टप्प्यांतला कोणताही गाळू नका. आपल्याकडे बहुधा पहिल्यावरून थेट चौथ्यावर उडी जाते, आणि नवा माणूस तोंडघशी पडतो.

एक उदाहरण जरा तपशिलात देतो. काकांनी मला पहिल्यांदा एका आजारी माणसाकडे नेले. दारातच त्यांनी फोन बंद केला. खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले, अशी की आजाऱ्याला मान वळवावी लागू नये. विचारले, ‘बोलायचंय, की नुसतं बसू?’ तो माणूस बराच वेळ बोलला, काका मध्ये एकदाही बोलले नाहीत. ‘देव सगळं चांगलं करील’ असेही म्हणाले नाहीत. मग विचारून स्तोत्र २३ वाचले. सहाच वचने, पण सावकाश. प्रार्थना चारपाच वाक्यांची, आणि तिच्यात त्या माणसाने नुकत्याच सांगितलेल्या गोष्टी त्याच्याच शब्दांत. वीस मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

जिना उतरल्यावर त्यांनी मला एकच विचारले: ‘काय पाहिलंस?’ मी प्रार्थनेबद्दल बोललो. ते म्हणाले, ‘आणि खुर्ची?’

हा प्रश्न लक्षात ठेवा. काहीही सोबत केल्यावर परतताना ‘काय पाहिलंस?’ असे विचारा, आणि तो जे पाहायचे राहिला ते हळूच दाखवा. पुढच्या वेळी स्तोत्र त्याला वाचू द्या. त्यानंतर प्रार्थना. मग एके दिवशी तुम्ही खुर्ची मागे घ्या. तो अडखळेल, तुम्हाला तोंड उघडायचा मोह होईल. गप्प राहा.

प्रार्थना कशी करावी यावर व्याख्यान देऊ नका. शिष्यांनी ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकवा’ असे म्हटले ते येशूची प्रार्थना संपल्यावर, त्याला ती करताना पाहून (लूक ११:१). भूक आधी लागली, शिकवण नंतर आली.

५. तुमची चूक होईल तेव्हा

होईलच. आणि ती तो पाहील, कारण तुम्ही त्याला जवळ घेतले आहे.

कित्ता वाकडा असला तरी गिरवला जातो, ही या कामातली सर्वांत भीतिदायक गोष्ट. अंत्युखियात पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, एका पंगतीला बसत होता. यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसे आली तेव्हा त्यांच्या भीतीने तो वेगळा झाला. त्याने याबद्दल काही शिकवले असे पौल लिहीत नाही, तो नुसता उठून गेला. तेवढ्यावर बाकीचे यहूदी विश्वासणारेही उठले, आणि बर्णबासुद्धा त्यांच्या ढोंगाने ओढला गेला (गलती २:११-१३). ‘बर्णबासुद्धा’ या शब्दात पौलाचे दुःख आहे, कारण हाच बर्णबा सगळे घाबरत असताना त्याला हाताला धरून प्रेषितांकडे घेऊन गेला होता.

माझे सांगतो. एका तरुणाला मी सकाळी उठून प्रार्थना करण्याबद्दल फार आग्रहाने सांगत असे. मध्ये माझ्या कामाची धावपळ वाढली आणि तीन आठवडे मी स्वतः पवित्र शास्त्र उघडले नाही. तेव्हाच एका भेटीत त्याने सहज विचारले, ‘दादा, तुम्ही आज सकाळी काय वाचलंत?’ मी एका स्तोत्राचे नाव घेतले. खोटे बोललो. तो आदराने ऐकत होता, आणि मला त्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हते.

पुढचे सहा दिवस मी ते मनातून झटकायला पाहिले. सातव्या दिवशी भेटलो तेव्हा आधी तेच सांगितले: ‘मागच्या वेळी मी तुझ्याशी खोटं बोललो. तीन आठवडे मी काहीच वाचलं नव्हतं. मला क्षमा कर.’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘माझंही दोन महिने बंद आहे. तुमच्यापुढे सांगायची लाज वाटत होती.’ दोन महिने तो माझ्यासमोर बसून मला हवी ती उत्तरे देत होता, आणि मी समजत होतो की याची वाढ छान चालली आहे.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. कबुली लवकर द्यायची, शक्यतो पुढच्याच भेटीत. कारणे जोडायची नाहीत, कारण ‘कामाचा ताण होता’ म्हटले की तोही पुढे तसेच म्हणायला शिकतो. ज्याचा अपराध केला त्याची क्षमा मागायची. त्याच्यादेखत पत्नीला तोडून बोललात तर त्याच्यादेखतच तिची माफी मागा. आणि कबुलीचे ओझे त्याच्यावर टाकायचे नाही. माझ्या खोल झुंजी, ज्यांत मला आधार हवा आहे, त्या मी माझ्या वरच्या ओळीतल्या माणसाकडे नेतो. नव्या विश्वासणाऱ्याला एवढे कळावे की मी पडतो, आणि पडल्यावर कुठे जातो.

याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगितले आहे. ‘एकमेकांजवळ’ हा शब्द मोठ्यांनी स्वतःसाठी पुन्हा वाचावा.

६. दाखवणे आणि दिखावा

प्रामाणिक माणसाला इथे एक प्रश्न छळतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू म्हणतो, तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या, त्यांनी तुमची सत्कर्मे पाहावीत (मत्तय ५:१६). त्याच प्रवचनात, पुढच्याच अध्यायाच्या आरंभी, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका अशी ताकीद आहे. मग त्याला दाखवायचे की लपवायचे?

दोन्ही वचनांचा शेवट पाहिला की वाट दिसते. पहिल्यात लोक पाहतात आणि स्वर्गातल्या पित्याचे गौरव करतात. दुसऱ्यात करणाऱ्याला स्वतःचे कौतुक हवे आहे. रोजच्या व्यवहारात मी अशी परीक्षा लावतो: तो आज सोबत नसता तर मी हे केले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर त्याला खुशाल सोबत घ्या. ‘नाही’ असेल तर ते काम आधी काही दिवस एकट्याने करा. काही गोष्टी मात्र कायमच्या झाकलेल्या ठेवा. कोणाला किती मदत केली, उपास किती केले, हे त्याला कधीच सांगू नका. दार लावून केलेल्या प्रार्थनेचे फळ त्याला दिसेल, तेवढे पुरे.

त्याच्या बोलण्यात ‘दादा म्हणाले’ वारंवार येऊ लागले तर सावध व्हा. करिंथात ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोचा’ असे गट पडले तेव्हा पौलाने आपल्या नावाच्या गटालाही झापले. ‘वचन काय म्हणतं, ते काढ’ असे म्हणून पवित्र शास्त्र त्याच्याकडे सरकवा. मंडळीतल्या इतर दोनतीन चांगल्या माणसांशी त्याची ओळख करून द्या. तुमच्यात औदार्य कमी असेल, तर ज्याच्यात ते आहे त्याच्याकडे त्याला पाठवा.

७. पुढची ओळ त्याची

सहा महिने झाले की बसून मोकळेपणाने ठरवा, पुढे चालू ठेवायचे का. आणि पहिल्या वर्षाच्या आतच त्याला विचारा, ‘तू कोणाला सोबत घेशील?’ पौल तीमथ्याला देतो, तीमथ्य विश्वासू माणसांना, ती माणसे इतरांना (२ तीमथ्य २:२). तीमथ्याकडे तरी हे कुठून आले होते? आजी लोईस आणि आई युनीके यांच्यातला विश्वास आधी त्याने घरातच पाहिला होता.

तो तुमच्या पुढे गेला तर? बर्णबाने तार्सास जाऊन शौलाला, म्हणजे पौलालाच, शोधून आणले, वर्षभर अंत्युखियात त्याच्याबरोबर शिकवले. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला ‘बर्णबा व शौल’ अशी नावे येतात. अध्याय संपेपर्यंत ती ‘पौल व बर्णबा’ झालेली असतात. बर्णबाने यावर कुरकुर केल्याची एक ओळही कृत्ये लिहिणारा लूक देत नाही. पुढे दोघांचे मार्काला सोबत घेण्यावरून कडाक्याचे भांडण झाले, बर्णबा अर्ध्यातून परतलेल्या मार्काला घेऊन कुप्रास गेला. वर्षांनंतर पौलच लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे.

त्याने कोणाला सोबत घेतले की त्यांच्या भेटीत बसू नका. तुमच्या दोघांच्या भेटी आठवड्यावरून महिन्यावर आणा. त्याला जे करताना पाहिले त्यातली एखादी गोष्ट तुमच्या पद्धतीहून वेगळी असेल, तर आधी विचारा, ‘हे तू असं का केलंस?’, आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐका. मी सोबत घेतलेल्या एकाला मागच्या महिन्यात असेच विचारले. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर तो खुर्चीवर बसलाच नाही, खाली जमिनीवर बसला होता. म्हणाला, ‘आजी कुशीवर झोपल्या होत्या, दादा. खुर्चीवरून त्यांचा चेहरा दिसत नव्हता.’